दम लागणाऱ्यांसाठी शिवारफेरी: बेळगाव-खानापूर भागात चालायला सुरुवात कशी करावी

तीन वर्षांपूर्वी शहापूरहून भाजीची पिशवी घेऊन कपिलेश्वर पुलावरून पलीकडे निघाले होते. पूल चढता चढता तीनदा कठडा धरून उभी राहिले. त्याच आठवड्यात रक्त तपासलं, तर साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "आता चालायला लागा." कुठं चालायचं, किती चालायचं, पायात काय घालायचं, हे काहीच कळलं नाही. मग पहिल्याच रविवारी भाच्याच्या ग्रुपबरोबर जांबोटीच्या बाजूला गेले. सगळी पोरं वीस-बावीस वर्षांची. दोन तासांत अशी गत झाली, की पुढं जाववेना आणि एकटीनं मागं फिरायचा धीर होईना. घरी आल्यावर चार दिवस जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यानंतर सहा महिने मी चालण्याचं नाव काढलं नाही.

ते सहा महिने वाया गेले याची मला आजही हळहळ वाटते. आता माझं वय एक्कावन्न आहे आणि आठ-नऊ किलोमीटर आरामात चालून होतं. यात अवघड असं काही नव्हतं, फक्त क्रम चुकला होता. तुमचा चुकू नये म्हणून हे लिहिते आहे.

## १. आधी डॉक्टरांना विचारून घ्या

चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर एकदा तपासून घ्या. "रोज अर्धा तास चाललं तर चालेल का, आणि चढ चढू का?" असा नेमका प्रश्न विचारा. नुसतं "चालू का?" विचारलं तर "हो" एवढंच उत्तर मिळतं.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर चालताना साखर एकदम उतरू शकते. हाताला कंप, गार घाम, डोळ्यांपुढं अंधारी ही त्याची लक्षणं. अशा वेळी लगेच खाली बसायचं आणि साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाकायचं. रोज रात्री तळपाय बघायचे, बोटांच्या मधल्या जागेसकट. साखरेमुळं पायाची जाणीव कमी झालेली असली, तर फोड आलेला कळतही नाही.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम वाटला, तर तिथंच थांबा. "अजून थोडंच राहिलंय" म्हणून ओढत जाऊ नका. १०८ किंवा ११२ लावा.

## २. पहिले तीन आठवडे गावातच, आणि घड्याळावर

किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं जायचं आणि दहा मिनिटं परत यायचं. दुसऱ्या आठवड्यात पंधरा-पंधरा, तिसऱ्यात वीस-वीस. आठवड्यातून पाच दिवस.

वेग कसा ठरवायचा? बरोबरच्या बाईशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम तुटत असेल तर हळू व्हा. अभंग म्हणता येत असेल तर जरा पाय उचला. मला घड्याळातल्या हृदयाच्या ठोक्यांपेक्षा ही खूण जास्त उपयोगी पडली.

सरावाला टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपोचा मोकळा परिसर उत्तम. सपाट आहे, मोठी झाडं आहेत, सकाळी माणसांची ये-जा असते. दुसरी जागा म्हणजे बेळगावचा किल्ला. खंदक ओलांडून आत गेलात की रस्ता सपाट आहे. आत रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची कमलबस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर आहे. दम खायला थांबाल तेव्हा मान वर करून छतावरचं दगडी कमळ बघा. मी तिथं पहिल्यांदा थांबले ती पाय दुखत होते म्हणून. लहानपणापासून बेळगावात राहून ते कमळ मी तोवर पाहिलेलं नव्हतं. किल्ल्याचा भाग लष्कराचा आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा आणि मोबाईल काढून सरसकट फोटो घेत सुटू नका.

## ३. बूट

खर्च करायचाच तर इथं करा, बाकी सगळं घरातलं चालतं. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. मोजे घालून बघा. सर्वांत लांब बोटाच्या पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. माझे बूट दुकानात चपखल बसले होते. येळ्ळूरचा गड उतरताना बोटं पुढं जाऊन घासत राहिली आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. पुढं ती गळून पडली, नवी यायला कित्येक महिने लागले.

नवे बूट घालून थेट शिवारात जाऊ नका. आठ-दहा दिवस घरात, गल्लीत वापरा. तळवा गुळगुळीत नको. आपल्याकडची तांबडी माती ओली झाली की लोण्यासारखी निसरडी होते.

## ४. पिशवीत काय असावं

- पाणी, माणशी किमान एक लिटर. उन्हाळ्यात दोन.
- भडंग किंवा चुरमुरे, दोन केळी, गुळाचा खडा. दोन तासांपेक्षा जास्त चालणार असाल तर भाकरी-चटणी.
- टोपी किंवा डोक्याला बांधायला पंचा.
- मोज्यांचा जादा जोड. ओल्या मोज्यांनी फोड येतात.
- चिकटपट्टी, रोजच्या गोळ्या, गोळ्यांची नावं लिहिलेला कागद.
- शिट्टी. पडलात आणि आवाज निघेना, तर ती कामाला येते.
- काठी. गुडघ्यालाही आधार आणि कुत्र्यांसाठीही.

कागदपत्रांत आधार कार्ड घ्याच. मूळ कार्ड घ्या, झेरॉक्सवर भागवू नका. बायकांना शक्ती योजनेखाली ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमधून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे, पण कर्नाटकातला पत्ता दाखवावा लागतो. मोफत आहे म्हणून तिकीट न घेता बसू नका. शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचं. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडला आणि आधारवर अजून तिकडचाच पत्ता, अशा बायका आपल्याकडं पुष्कळ आहेत. त्यांनी सुटे पैसे बरोबर ठेवावेत.

## ५. वाट कशी निवडायची

माझा एकच नियम आहे: कुठूनही परत फिरता येईल अशीच वाट घ्यायची. जांबोटीच्या त्या रविवारी मी तिथंच चुकले. गोल फेरीच्या वाटेवर अर्ध्यात थकलात, तर पुढं जा नाहीतर मागं या, अंतर सारखंच. म्हणून पहिल्या पाच-सहा वेळा ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं परत या. निघताना घड्याळ बघा. ठरवलेला निम्मा वेळ संपला की, देऊळ समोर दिसत असलं तरी, फिरा. येताना पाय जड झालेले असतात, म्हणून जायला चाळीस मिनिटं लागली तर यायला पन्नास धरा.

दुसरी गोष्ट, वाटेच्या जवळून बस किंवा टमटम जाणारा रस्ता असावा.

तिसरी, बरोबर कोण आहे ते बघा. सर्वांत हळू चालणारा पुढं आणि बाकीचे त्याच्या मागं, हे ज्यांना मान्य असेल त्यांच्याबरोबरच जा. पुढं जाऊन थांबणारे लोक तुम्ही पोचलात की लगेच उठतात. विश्रांती त्यांना मिळते, तुम्हाला मिळत नाही.

## ६. चार वाटा, सोप्या ते जरा अवघड

शिवारातली पाणंद. येळ्ळूर, उचगाव, कडोली, कुठल्याही गावाच्या बाहेर बैलगाडीची पाणंद असते. पायाखाली माती, म्हणून डांबरी रस्त्यापेक्षा गुडघ्यांना बरी. मला स्वतःला येळ्ळूरचं शिवार सर्वांत आवडतं. नोव्हेंबरात भात कापलेलं असतं, खळ्यावर मळणी चालू असते आणि वाऱ्याबरोबर नव्या भाताचा वास अंगावर येतो. कापलेल्या रानात ओल असेल तिथं मसूर पेरतात. महिन्याभरानं तुम्ही परत याल तेव्हा तेच रान हिरवं झालेलं असेल.

पहिल्यांदा मी तिथं एकटीच चालत होते, तर बांधावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय ताई, चालत कुठं निघालासा? बस चुकली काय?" मी म्हटलं, "न्हाई मामा, उगंच चालतोय, साखर हाय म्हणून." ते म्हणाले, "मग ह्या अंगानं जावा, तिकडं चिखल हाय." त्यांनी काठीनं दाखवलेली वाट नकाशात नव्हती. तेव्हापासून मी आधी माणसाला विचारते आणि मग मोबाईल बघते. शिवार कुणाचं तरी आहे एवढं लक्षात असू द्या. पेरलेल्या रानातून जाऊ नका, बांध ढासळेल असं चालू नका, विचारल्याशिवाय ऊस मोडू नका. औषधाची फवारणी चालू असेल तर लांबूनच मागं फिरा.

उचगावला गेलात तर मळेकरणी देवीच्या आमराईची सावली बसायला छान आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं गर्दी असते, त्या दिवशी नको. दसऱ्याच्या पुढं-मागं त्या भागात रताळी काढायचं काम चाललेलं असतं. विकत मागितली तर रानातूनच मिळतात, पण ओझं परत तुम्हालाच आणायचं आहे.

खानापूर ते असोगा. नवशिक्यांसाठी ही माझी सर्वांत आवडती सहल. बेळगावहून रेल्वेनं किंवा बसनं खानापूर गाठायचं आणि तिथून मलप्रभेच्या काठच्या असोग्याच्या रामलिंगेश्वरापर्यंत चालायचं. अंतर पाचेक किलोमीटर. पहिल्या वेळी जाताना चाला आणि येताना रिक्षा करून या, त्यात कमीपणा काही नाही. देवळाजवळ नदी दगडांमधून वाहते. पाणी संथ दिसतं, पण खडक शेवाळलेले असतात. पाय धुवायलासुद्धा उतरू नका. पावसाळ्यात तर काठापासून लांबच बसा. दरवर्षी कुणी ना कुणी अशाच ठिकाणी वाहून गेल्याची बातमी आपण वाचतो, आणि बहुतेक वेळा तो माणूस पोहायला नव्हे, पाय बुडवायला उतरलेला असतो.

हलशी. खानापूर तालुक्यातलं हे गाव म्हणजे कदंब राजांची पलाशिका. आज शांत खेडं आहे, पण एके काळी राजधानीचं ठिकाण होतं. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकाकडं तोंड केलं की दुसऱ्याकडं पाठ होते. गावात इतरही जुनी देवळं आहेत. एका देवळातून दुसऱ्यात, मध्ये एखाद्या कट्ट्यावर बसत, दोन तास कसे जातात कळत नाही. चढ फारसा नाही, सावली आहे, बसायला जागा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही नेता येतं. बसच्या फेऱ्या कमी आहेत, त्याबद्दल पुढं सांगते.

राजहंसगड. येळ्ळूरचा गड. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, वर सिद्धेश्वराचं देऊळ आणि २०२३ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे. दोन महिने सपाटीवर चालून झाल्याशिवाय इकडं येऊ नका. पहिल्या वेळी गाडीनं वर जा आणि आजूबाजूला फिरून गाडीनंच उतरा. दुसऱ्या वेळी शेवटच्या चढाच्या आधी उतरून तेवढाच चाला. तिसऱ्या वेळी पायथ्यापासून. वरून एका बाजूला बेळगाव आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं दिसतात. पायथ्यापासून चालत जाऊन मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ बोललेच नाही.

हे जमलं की सीमेपलीकडं देवरवाडीचा वैजनाथ आणि वरचा महिपाळगड आहे. चंदगड तालुका महाराष्ट्रात येतो, तेव्हा त्या बाजूच्या आंतरराज्य बसला शक्ती योजना लागू नाही.

## ७. चढ आणि उतार

चढताना पावलं लहान टाका. उंच पायरी एका दमात चढण्यापेक्षा बाजूची दोन लहान टप्प्यांची वाट घ्या. दर दहा मिनिटांनी एक मिनिट उभ्यानंच थांबा. दमल्यावर थांबण्यापेक्षा दमण्याआधी थांबलेलं चांगलं.

नवख्या माणसाला चढाची भीती वाटते, पण त्रास उतारावर होतो. चढताना श्वास सांगतो की थांब. उतरताना श्वास छान असतो, म्हणून आपण सुसाट सुटतो, आणि मांडीचे स्नायू शरीराचं वजन अडवून अडवून फाटायला येतात. ते दुसऱ्या दिवशी कळतं. उतरताना गुडघा ताठ ठेवू नका, किंचित वाकलेला असू द्या. काठी आधी खाली टेकवा, मग पाय. बुटाची नाडी उतरण्याआधी पुन्हा आवळा, म्हणजे बोटं पुढं सरकत नाहीत. माझी नखं वाचली असती ती एवढ्या एका गोष्टीनं.

## ८. बस: इथंच बहुतेक जण फसतात

पाट्या कानडीत असतात. अक्षर येत नसेल तर लाजू नका, "ई बस येळ्ळूरिगे होगतैतेन्री?" असं विचारा. शेवटचा "री" विसरू नका, तो आपल्या "हो"सारखा मानाचा आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठीत विचारलं तरी उत्तर मिळतंच, पण गोकाक, बैलहोंगलच्या बाजूला दोन वाक्यं कानडी येत असली तर माणसं आणखी आपुलकीनं बोलतात.

गावात उतरताच पहिलं काम हे करायचं: कंडक्टरला आणि गावातल्या दुकानदाराला, दोघांनाही, परतीची शेवटची बस विचारायची. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर लवकरची वेळ खरी धरायची. एकदा मी आणि माझी जाऊ एका गावात साडेपाचच्या बसच्या भरवशावर बसलो. रविवारी ती फेरी नसते हे आम्हाला सहा वाजता कळलं. दूध घालून परत निघालेल्या एका टेम्पोवाल्यानं आम्हाला खानापूरपर्यंत सोडलं. तो आला नसता तर काय केलं असतं याचा विचार मी अजूनही करते. आता मी शेवटची बस हिशेबातच धरत नाही. तिच्या आधीची हीच माझी शेवटची.

घरी सांगून जा: कुठल्या गावाला, किती वाजता परत. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला मोबाईलला रेंज जाते. घरच्यांनी किती वाजल्यानंतर काळजी करायची, तेही ठरवून ठेवा.

## ९. ऋतू आणि जनावरं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले दिवस. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत परत या. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव गाठतो. वीज कडाडायला लागली की गडाच्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडं पाऊस प्रचंड असतो. तेव्हा गावातलेच सराव चालू ठेवा.

शिवारातली कुत्री भुंकली तर पळू नका. काठी खाली धरून, पाठ न दाखवता हळू बाजूला व्हा. चावलंच तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. अवयव न हलवता तडक दवाखाना. गवा दिसला तर लांबूनच मागं फिरा, एकटा असेल तर जास्तच जपून.

गोचिडीकडं लोकांचं लक्ष नसतं. घाटाखाली दोडामार्गच्या बाजूला २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण सापडले होते. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि साधारण डिसेंबर ते मे या काळात त्याचा धोका जास्त. झाडीतून जायचं असेल तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्या आल्या गरम पाण्यानं अंघोळ. माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

## १०. जंगलात शिरू नका

खानापूरच्या पश्चिमेला सुमारे १९० चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य आहे. तिथले धबधबे, गुहा मोबाईलवर बघून मोह होतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाणं गुन्हा आहे. तिथं अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि आपण अजून नवखे आहोत. "मागच्या बाजूनं वाट आहे, कोण बघत नाही" असं सांगणारा माणूस भेटेलच. त्याच्याबरोबर जाऊ नका.

## ११. दुसरा दिवस

मोठ्या फेरीनंतर दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखत असतील तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत उतरतं. एकच गुडघा दुखत असेल, सुजला असेल, किंवा एका पोटरीत सूज आणि ऊब जाणवत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. फोड फोडू नका, झाकून ठेवा. आणि रविवारी शिवारात गेलात म्हणून पुढचा आठवडा अंथरुणात घालवू नका. सोमवारी विश्रांती. मंगळवारी सकाळी परत व्हॅक्सिन डेपो, वीस मिनिटं, सावकाश.